सहावा नंबर

दोस्तांनो, ओपनिंग कोणी करायची यावरून तुमच्या टीममध्येही भांडणं होतात ना? मग बीडच्या सचिन धसची गोष्ट ऐका. २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात त्याने पाचव्या नंबरवर येऊन नेपाळविरुद्ध ११६ धावा ठोकल्या. मग त्याला वरच पाठवायला नको का?

पण थांबा! उपांत्य सामन्यात तो सहावा आला. २४५ धावा हव्या होत्या आणि भारत ४ बाद ३२! गडी रुसला नाही, घाबरलाही नाही. ९५ चेंडूंत ९६ धावा, कप्तान उदय सहारनबरोबर १७१ ची भागी. भारत दोन गडी राखून जिंकला.

वरचा नंबर जरूर मागा. पण मिळाला नाही, तर? तुम्हीच सांगा!