मोजमापाची वही उघडा!

रस्ता झाला की त्याची नोंद एका वहीत होते. सार्वजनिक बांधकाम खात्यात तिला मोजमाप पुस्तिका म्हणतात. ठेकेदारांच्या तोंडी ती नुसती ‘एमबी’. लांबी किती, रुंदी किती, खडीचा थर किती, डांबराचा किती, हे कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन टेप लावून मोजायचे, वहीत लिहायचे, वरिष्ठाने तपासून सही करायची आणि मग बिल निघायचे. या वहीच्या भरवशावर महाराष्ट्राच्या तिजोरीतून हजारो कोटी रुपये बाहेर पडतात. ज्याच्या करातून ते पैसे येतात, त्या माणसाने ही वही कधी पाहिलेली नाही. त्याने पाहिलेला असतो तो दुसऱ्याच पावसात उखडलेला रस्ता. वही म्हणते थर पडला, रस्ता म्हणतो पडला नाही. आणि या राज्यात वर्षानुवर्षे वहीचे खरे मानून रस्त्याला खोटे पाडले जाते. हे थांबलेच पाहिजे!

ते थांबवण्याचे साधन आज हाताशी आहे. एका साध्या गाडीच्या टपावर बसणारे लेसर यंत्र सेकंदाला लाखो किरण चहूबाजूंना फेकते. किरण डांबरावर, कठड्यावर, विजेच्या खांबावर आपटून परत येतो आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. प्रकाश सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. तेवढ्या क्षणाचेही तुकडे करून हे यंत्र मोजते. सोबत गाडीचे स्थान सांगणारे जीपीएस, तिचा प्रत्येक हेलकावा टिपणारे जडत्वमापक, चाकाचे फेरे मोजणारा मापक आणि कॅमेरे. सगळ्यांची जुळणी केली की कोट्यवधी बिंदूंनी उभी राहिलेली रस्त्याची त्रिमितीय प्रतिकृती हाती येते. गाडी रहदारीच्याच वेगाने धावते. रस्ता बंद करावा लागत नाही आणि भरधाव ट्रकांच्या मधोमध टेप धरून उभ्या राहणाऱ्या मजुराचा जीवही धोक्यात येत नाही.

या प्रतिकृतीत खड्डा किती खोल ते दिसते. चाकोरी किती दबली, साइडपट्टी रस्त्यापासून किती खाली गेली, कठडा कुठे तुटला, पुलाखालून किती उंचीचा ट्रक जाईल, सारे दिसते. परत आलेल्या किरणाचा जोर पाहून पांढरा पट्टा कुठे पुसला गेला आणि कोणत्या फलकाची चकाकी मेली, हेही कळते. पण आमच्या मते या यंत्राचे सर्वांत मोठे काम वेगळेच आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्त्यांत जा. जुना थर न खरवडता त्याच्यावरच नवा थर चढवायची दुष्ट खोड आपल्या नगरांना लागली आहे. रस्ता दर खेपेस दोन-चार बोटे वर येतो, घराचा उंबरा तिथेच राहतो. ज्या घरात एके काळी तीन पायऱ्या चढून जायचे, त्या घरात आज पायरी उतरून जावे लागते, आणि पहिल्या मोठ्या सरीचे पाणी थेट चुलीपर्यंत पोचते. हा अन्याय कोणत्याही एमबीत सापडणार नाही. वहीत थराची जाडी लिहितात. रस्त्याची उंची आणि शेजारच्या उंबऱ्याची उंची एका ओळीत कोणी मांडत नाही. लेसरगाडी एकाच फेरीत दोन्ही मोजते. त्या आकड्यांपुढे कोणत्या अभियंत्याला ‘पाणी तुंबणे नैसर्गिक आहे’ असे म्हणता येईल?

यंत्राच्या मर्यादाही आम्ही लपवणार नाही. लेसरचा किरण पाण्यातून आणि डांबराच्या पोटातून नीट जात नाही. पाण्याने भरलेला खड्डा त्याला आंधळा करतो. म्हणून मोजणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, कोरड्या रस्त्यावरच झाली पाहिजे. उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहाचा संदेश अडतो, चूक साचत जाते. म्हणून जमिनीवर ठरावीक अंतराने अचूक मोजलेले नियंत्रणबिंदू लागतात. वरच्या तीन-चार सेंटिमीटरच्या थराची जाडी सिद्ध करायची तर कोअर, म्हणजे रस्त्याला भोक पाडून थराचा नमुना, काढूनच खात्री करावी लागेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. पुराच्या पाण्याखाली त्याच्या पायाशी काय चालले होते, ते कोणत्याही लेसरला दिसले नसते. पण कोरड्या ऋतूत दर सहा महिन्यांनी कमानीची रेषा मोजली, तर ती तसूभर जरी हलली तरी नोंद राहते. डोळ्यांनी पाहून ‘धोका नाही’ असा शेरा मारण्याचे दिवस आता संपले पाहिजेत.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने या दिशेने पाऊल टाकले आहे. २३ राज्यांतील २०,९३३ किलोमीटर महामार्गांवर लेसर बसवलेली सर्वेक्षण वाहने फिरवायची आणि दर सहा महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करायची, असे त्याने जाहीर केले. आम्ही त्याचे स्वागत करतो आणि लगेच विचारतो: महामार्गाच्या फाट्यावरून आत वळले की काय? राज्यमार्गाचे काय, जिल्हा परिषदेच्या रस्त्याचे काय, नगरपालिकेच्या गल्लीचे काय? बाळंतिणीला घेऊन जीप ज्या रस्त्याने तालुक्याच्या दवाखान्यात जाते, तो राष्ट्रीय महामार्ग नसतो. ऊसतोड कामगारांनी भरलेली ट्रॉली रात्री ज्या वळणावर उलटते, तेही महामार्गावर असेलच असे नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली पंधरा हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातली. या सगळ्यांना रस्त्यानेच मारले असे आम्ही म्हणत नाही. किती जणांना रस्त्याने मारले हे कोणालाच ठाऊक नाही, आणि आमचा संताप त्याबद्दल आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मेलेल्या माणसाच्या वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निकाल मोठा आहे. पण त्याच्या विधवेने दाद मागायला जावे तर खड्डा होता हे सिद्ध कसे करावे? माणूस रात्री पडतो, सकाळी पंचनामा होतो आणि संध्याकाळपर्यंत त्या जागी खडी-डांबराची पाटी ओतून साक्ष पुरली जाते. पंचनाम्यात ‘निष्काळजीपणे वाहन चालवून’ असे लिहिले की मेलेलाच आरोपी ठरतो. तारीखवार जपलेला बिंदूंचा आलेख ही बुजवता न येणारी साक्ष आहे. मेमध्ये त्या जागी दहा सेंटिमीटरचा खळगा होता आणि जुलैत माणूस मेला, हे एकदा आकड्यांत उभे राहिले की ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (बिघाड त्यानेच दुरुस्त करून देण्याची मुदत), अधिकाऱ्याची सही आणि विधवेचा हक्क, तिन्ही एका कागदावर येतात. हा कागद ज्यांना नको आहे, तेच या मोजणीला खर्चिक म्हणतील.

अंधेरीच्या गोखले पुलाची आठवण आम्ही मुद्दाम करून देतो. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा भाग रुळांवर कोसळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा त्याला जोडायच्या शेजारच्या बर्फीवाला पुलाचे टोक खूप खाली राहिलेले लोकांनी पाहिले. रेल्वेच्या हद्दीत उंची वाढवावी लागली हे खरे. पण उंची वाढली की शेजारचे टोक कुठे राहील, हे साऱ्या खात्यांसमोर एकाच त्रिमितीय आलेखात असायला हवे होते. शेवटी बर्फीवाला पूल जॅक लावून उचलावा लागला, आणि तेवढे महिने अंधेरीकर वळसे घालत राहिले. एका शहरात एका पुलाची मोजणी रेल्वेकडे वेगळी, पालिकेकडे वेगळी आणि सल्लागाराकडे तिसरीच, ही स्थिती लज्जास्पद आहे.

हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ साली मद्रासेत त्याने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ च्या जानेवारीत वर्ध्याच्या या मातीत काम करता करताच मेला. त्याची मोजणी राज्यकर्त्यांसाठी होती; तिचे नकाशे रयतेच्या हाती पडायचे नव्हते. दोनशे वर्षे लोटली, राज्य रयतेचे झाले, तरी मोजणी दडवायची सवय गेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरची जुनी बंधने सैल केली आणि रस्त्यावरून गाडीने करायची मोजणी भारतीय संस्थांसाठी राखून ठेवली. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये गुगलने मुंबईच्या जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्र यांना सोबत घेऊन दहा शहरांतील रस्त्यांची चित्रे जगाला दाखवली. त्यांत मुंबई, पुणे आणि नाशिक होते, नगरही होते. व्यवसायासाठी गाडी फिरवता येते, मग नागरिकासाठी का फिरत नाही? नेदरलँड्सने विमानातून केलेली देशभरची लेसर मोजणी सर्वांना फुकट खुली केली आहे. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेने २०१५ मध्ये तेच केले. तिथे शेतकरीही आपल्या बांधाची उंची घरबसल्या पाहतो.

गाड्या आल्या म्हणून सुधारणा होईल, अशा भ्रमात आम्ही नाही. कामाच्या ठेक्यासारखाच मोजणीचाही ठेका निघेल, मोजणारा आणि मोजला जाणारा एकाच मेजावर जेवतील आणि बिंदूंचा आलेख एमबीसारखाच कपाटात जाईल, हा धोका खरा आहे. महात्मा फुले स्वतः बांधकामांचे ठेके घेणारे होते. खात्यातली लबाडी त्यांनी आतून पाहिली आणि इंजिनिअर खात्यातल्या हुलथापांवर पोवाडा रचला. दीड शतकानंतर यंत्रे बदलली. हुलथापांना वाव देणारे कपाट तेच आहे. ते कपाट फोडल्याशिवाय लेसरचा एक किरणही जनतेच्या उपयोगाचा नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. काम सुरू होण्याआधी एक मोजणी, काम संपल्यावर दुसरी, आणि दोन्ही आलेख संकेतस्थळावर लोकांसाठी खुले झाल्याशिवाय ठेकेदाराला अखेरचे बिल नाही. मोजणी करणाऱ्या संस्थेचा त्या कामाशी आणि त्या खात्याशी कसलाही संबंध नसावा. माणसांचे चेहरे आणि वाहनांचे क्रमांक पुसूनच आलेख प्रसिद्ध व्हावेत. त्यासाठीची साधने आहेत, गोपनीयतेच्या नावाखाली सगळेच दडवायची गरज नाही. दोषदायित्वाच्या काळात दर मे आणि दर ऑक्टोबरला गाडी पुन्हा फिरावी. आणि कनिष्ठ अभियंत्यांना आम्ही शत्रू मानत नाही. वरून दबाव आणि खालून ठेकेदाराची दमदाटी यांत चिरडल्या जाणाऱ्या प्रामाणिक तरुण अभियंत्याच्या पाठीशी ही गाडी उभी राहील. ‘साहेब, वहीत मी काहीही लिहीन, पण आलेख वेगळे सांगतो’ हे वाक्य त्याला प्रथमच ताठ मानेने बोलता येईल.

सरकार हे आपणहून करील याची वाट पाहत बसू नका. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला कागदपत्रे पाहण्याचाच नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. आपल्या दारातल्या रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, दोषदायित्वाची मुदत कधी संपते ते मागा, लेसर मोजणी झाली असेल तर तिचा आलेख मागा, झाली नसेल तर का झाली नाही याची नोंद मागा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. मिळालेली उत्तरे आमच्याकडे पाठवा. उद्यापासून या पानावर त्यांना रोज जागा राहील.