तोंडाला फडके बांधले, तरी जपा



पऱ्हाटीवर फवारणी लागली की घरचा माणूस सकाळीच पंप पाठीवर घेतो. १६ लिटरचा भरलेला पंप म्हणजे २० किलोच्या आसपास ओझे. ते घेऊन चिखलात चालायचे, आणि तेही तोंड बांधून.

तोंड बांधले की श्वास ओढायला जोर लागतो. सोडलेली वाफ आत कोंडते, चेहरा तापतो. फडके घामाने भिजले की हवा आणखी अडते. निरोगी माणसाच्या रक्तातला प्राणवायू यामुळे फारसा घटत नाही. पण जीव गुदमरतो, मन घाबरते, घाबरल्याने श्वास भराभर चालतो आणि गुदमरणे वाढते. मग फडके आपोआप गळ्यात येते. हा हलगर्जीपणा नव्हे. म्हणून चाल हळू ठेवावी, ऊन चढण्याआधी काम उरकावे. दर पंपानंतर फवारणीपासून दूर सावलीत जाऊन, साबणाने हात धुवून मगच तोंड सोडावे. दमेकऱ्याने हे काम घेऊ नये.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. साधे फडके धूळ अडवते, विषारी वाफ नाही. औषधाने भिजलेले फडके तर विष नाकाशीच धरून ठेवते. वाफेसाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. शिवाय विष कातडीतूनही शिरते. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या साली पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. फवारा अंगावरच येत होता. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि बूट हवेतच. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये.

नुसता मास्कचा त्रास असेल तर सावलीत थोड्या वेळात उतरतो. पण मळमळ, ओकारी, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय थरथरणे यांपैकी काही दिसले, तर "ऊन लागले" म्हणून घरी निजवू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

भगिनींनो, फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुवू नका. आणि मजुरी ठरवतानाच मालकाला विचारा, "मास्क अन् हातमोजे देता ना?" रोजी एक दिवस बुडाली तर भरून निघते, घरचा माणूस गेला तर भरून निघत नाही.