साठ की आठ?

मोबाइल डाव्या कानाला लावावा की उजव्या, यावर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून घनघोर चर्चा झडते. मुद्दा असतो लहरींचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली मोबाइलच्या रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात बसवलं, तेव्हापासून ही धास्ती काही केल्या जात नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पण रोज सकाळी कोरफडीचा रस घेणारे आमचे काका त्याबद्दल कधी काही फॉरवर्ड करत नाहीत.

लहरींवर इतकं बोलून झाल्यावर आवाजाबद्दल बोलायला कुणाला वेळच उरत नाही. आणि कानाची खरी वाट लावतो तो आवाज.

शेजारचा मुलगा ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये आहे. आठ तास हेडसेट, जाता-येता लोकलमध्ये इअरबड. मध्यंतरी भाजीवाली ‘साठ’ म्हणाली आणि याने आठ रुपये पुढे केले. बाईंनी त्याचा उद्धार केला, आम्ही हसलो. त्याची आई मात्र त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे बंद खोलीत बसवून, कानात बारीक बारीक सूर सोडून, ऐकू आला की बटण दाबायला लावतात. त्याचा आलेख मी पाहिला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेषा सरळ चालत येतात आणि ४००० हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात पडतात. पुढे ८००० ला पुन्हा थोड्या वर. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. हा खड्डा कारखान्यातल्या जुन्या कामगारांच्या आलेखात दिसायचा. याचं वय सव्वीस.

आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या नळीत, जन्मतः साधारण १५ हजार केसपेशी असतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. गोंगाटाचा मार आधी बसतो तो उंच स्वर टिपणाऱ्यांवर, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा जीव त्याच उंच स्वरांत असतो. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. साठातला ‘स’ गळतो, आठ उरतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात फार तर ४० तास ऐकावं. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे कानाचा शिधा निम्म्यावर येतो. ८३ ला २० तास, ८६ ला दहा, ९० ला जेमतेम चार. १०० डेसिबलला सगळ्या आठवड्याचा शिधा वीसेक मिनिटांत संपतो, म्हणजे डोंबिवलीची गाडी ठाण्याला लागेपर्यंत. बऱ्याच फोनचा आवाज पूर्ण वाढवला की तो तिथवर जातो. फोन बिचारा इशारा देतो, अंगठा न बघता ‘ओके’ दाबतो.

आता ‘ही हल्लीची पोरं’ म्हणून प्रवचन सुरू करायला हरकत नव्हती. पण दार उघडं, पंखे घरघरतायत, समांतर रुळावरून फास्ट गाडी धडधडत जातेय, शेजारचा गृहस्थ स्पीकरवर रील बघतोय. अशा डब्यात गाण्याचे शब्द कळायला आवाज वाढवावाच लागतो. शांत खोलीत तोच मुलगा निम्म्या आवाजावर ऐकतो. म्हणजे बटण तो दाबतो, पण दाबायला आपण सगळे लावतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती मर्यादा विसर्जनाच्या डीजेला सांगून बघा! बाहेरचा गोंगाट कापणारे हेडफोन मिळतात, त्यांनी आवाज कमी ठेवता येतो हेही खरं. पण शांतता अशी दुकानातून आणायची आणि तीही ज्याला परवडेल त्याने, हे मला पटत नाही. शिवाय ते घालून रूळ ओलांडणारे दिसतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

गायिका अलका याज्ञिक यांनी २०२४ च्या जूनमध्ये आपली श्रवणशक्ती गेल्याचं जाहीर केलं, तेव्हा तरुणांना हेडफोनबद्दल बजावलंही. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी कारण विषाणूचं सांगितलं होतं. तरी चार दिवस सगळे कानाबद्दल बोलले, पाचव्या दिवशी विसरले.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा कामगार कायद्यातल्या आजारांच्या यादीत आहे. कामगाराला झाला तर कळवणं बंधनकारक. हा मुलगा मात्र वातानुकूलित ऑफिसात खुर्चीवर बसतो, त्याला गोंगाटातला कामगार कोण म्हणणार? त्याच्या कंपनीत दरवर्षी डोळे तपासायचं शिबिर भरतं, कानांचं कधीच नाही. आलेखाची प्रत जोडून त्याने एचआरला पत्र दिलंय. त्यांनी आधी विचारलं, हेडसेट कंपनीचा होता की इअरबड स्वतःचे?