जोड अस्सल आहे काय?

हेमलकशाच्या जंगलावर मराठीत काहीही छापून आले, की आपली समीक्षा त्यावर 'अस्सल' असा शिक्का मारून मोकळी होते. या शिक्क्यालाच आमची हरकत आहे.

जुन्या लष्करी बंदुकांचे संग्राहक याबाबत आपल्या प्राध्यापकांहून अधिक चिकित्सक आहेत, असे खेदाने म्हणावे लागते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश 'नंबर ४ (टी)' ही रायफल घ्या. नेम अचूक ठरलेल्या रायफली वेगळ्या काढून 'हॉलंड अँड हॉलंड'कडे पाठवल्या जात व तेथे त्यांवर तिप्पट मोठे दाखवणारी 'नंबर ३२' दुर्बीण बसवली जाई. दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर आणि रायफलीचा क्रमांक दुर्बीण धरणाऱ्या कंसावर ठोकलेला असे, कारण ही जोड त्या एकाच रायफलीसाठी जुळवलेली असे. आज बाजारात दुर्बीण खरी, रायफलही खरी आणि जोड मात्र परवाची, असा माल येतो. ठसे काय, नव्यानेही ठोकता येतात! म्हणून जाणकार क्रमांक जुळले एवढ्यावर समाधान मानत नाही. ठशाच्या कडा, स्क्रू आणि धातूची झीज एकाच वयाची आहे का, ते पाहतो.

आपण कंस कधी पाहतो? बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा' ही तेथे राहिलेल्या डॉक्टरची साक्ष आहे आणि तशी ती खरीच आहे. पण तीच 'माडियांचे जीवन' म्हणून वर्गात वाचली गेली, तर खऱ्या रायफलीवर दुसरीचीच दुर्बीण चढते. दोष पुस्तकाचा नव्हे, जोडणाऱ्याचा.

२०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात आली. ती अफझलखानाच्या वधातलीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असे ते संग्रहालयच सांगते. मुख्य आधार पेटीवरच्या मजकुराचा. मिरवणुकीला तेवढा पुरला. पेटीवरचा मजकूर आणि पुस्तकाचे मलपृष्ठ यांत आम्हांला तरी फारसे अंतर दिसत नाही.

दोन-चार माडिया शब्द पेरलेली कादंबरी हाती आली, की आम्ही आता एवढेच विचारतो: हे पात्र माडियात बोलले, ते मराठीत कोणी आणले, आणि त्या दुभाष्याचे नाव पुस्तकात कोठे आहे?