पडद्यावरचे पदार्थविज्ञान

जालना जिल्ह्यातील विद्यार्थ्याला सिनेमा शिकवावा लागत नाही. पदार्थविज्ञान मात्र दोन वर्षे शिकवूनही त्याच्या अंगी लागत नाही. नायकाच्या एका ठोशासरशी खलनायक दहा-पंधरा फूट मागे भिरकावला जातो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलेले असते. त्याच विद्यार्थ्याला संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत विचारला, तर तो व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतो. पण त्या ठोशाचा आणि या व्याख्येचा काही संबंध असेल, अशी शंकाही त्याला शिवत नाही. पडदा एकीकडे आणि पाठ्यपुस्तक दुसरीकडे, अशा दोन जगांत तो सुखेनैव वावरत असतो. ही दोन जगे एकत्र आणण्यासाठी चित्रपटांतील निवडक प्रसंगांचे तुकडे पदार्थविज्ञानाच्या तासाला दाखवावेत, अशी सूचना अलीकडे केली जाते. एका पक्षाला हा शिक्षणाचा तमाशा वाटतो. दुसऱ्या पक्षाला पडदा लावला की शिक्षणाचा प्रश्न सुटला, असे वाटते. दोन्ही पक्ष एकच चूक करतात. चित्र पाहण्यासाठी असते, असे दोघेही गृहीत धरतात. वर्गात मात्र चित्र मोजण्यासाठी असावयास हवे.

वस्तुतः ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी, १९१२ साली, भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी जी छोटी चित्रफीत तयार केली, तिचा नायक कुंडीतील वाटाण्याचा अंकुर होता. महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा त्या अंकुरासमोर ठेवून त्यांनी त्याची वाढ टिपली आणि ती मिनिटाच्या आसपास पडद्यावर दाखवली. भारतीय चित्रपटाचा आरंभच असा एका वैज्ञानिक निरीक्षणाने झाला. काळ आखडता येतो, लांबवता येतो आणि म्हणून तो मोजताही येतो, हे चित्रपटाचे मूळ सामर्थ्य फाळक्यांनी प्रथमदर्शनीच ओळखले होते.

पुढे अमेरिकेत १९५६ साली स्थापन झालेल्या पदार्थविज्ञान अभ्यास समितीने शालेय अभ्यासक्रमासाठी चित्रपटांची एक मालिकाच तयार केली. संदर्भ चौकटींविषयीचा तिचा १९६० सालचा चित्रपट आजही आवडीने पाहिला जातो. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था उभी राहिली आणि तिचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून खेड्यापाड्यांत पोहोचले. २०१७ साली ती बंद करण्यात आली. दुसरीकडे अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या प्रयोगांच्या लहान लहान चित्रफिती तयार केल्या आणि त्या सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. तेव्हा प्रश्न साधनांच्या अभावाचा उरलेला नाही; साधन कसे वापरावे, याचा आहे.

त्या ठोशाचेच उदाहरण घ्यावे. नायक आणि खलनायक दोघांचेही वस्तुमान ७० किलोग्रॅम आहे आणि खलनायक सेकंदाला ६ मीटर वेगाने मागे फेकला जातो, असे धरू. त्याला ४२० एकक संवेग मिळाला. तितकाच संवेग उलट दिशेने नायकालाही मिळावयास हवा. नायकाचे पाय जमिनीवर असल्याने घर्षण त्याला सावरील, ही शंका चांगला विद्यार्थी काढील, आणि ती त्याने काढावी यासाठीच तर हा खटाटोप! परंतु घर्षण गुणांक ०.६ धरला, तर त्याच्या पायांशी घर्षणाचे बल फार तर ४१० न्यूटनच्या आसपास भरते. ठोशाचा आघात एक दशांश सेकंद टिकतो, असे मानले, तर घर्षण त्या ४२० पैकी जेमतेम ४१ एकक संवेग शोषून घेईल. म्हणजे नायकानेही सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने मागे जावयास हवे. पडद्यावर तो जागचा हलत नाही. कारण खलनायकाला ठोशाने नव्हे, कमरेला बांधलेल्या तारेने ओढलेले असते.

‘स्पीड’ या १९९४ च्या इंग्रजी चित्रपटात एक बस अपुऱ्या पुलावरील पन्नास फुटांची फट उडून पार करते. बसचा वेग ताशी सत्तर मैलांच्या आसपास आहे. ही फट ओलांडण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात बस एक मीटरहून अधिक खाली येते. दोन्ही कडा एकाच पातळीवर असतील, तर तिची पुढची चाके समोरच्या कडेवर आदळलीच पाहिजेत. प्रत्यक्ष चित्रीकरणात बसला चढणीवरून उडवले होते आणि फट नंतर चित्रात निर्माण केली होती. हे कोणी सांगण्यापूर्वी विद्यार्थ्याने आकडेमोडीने ओळखले, तर त्याला होणारा आनंद कोणत्याही गुणपत्रिकेत मावणार नाही. नायक तीन मजल्यांवरून, म्हणजे समजा ९ मीटर उंचीवरून, उडी मारतो आणि पडद्यावर त्याला खाली पोहोचण्यास चार सेकंद लागतात. मुक्त पतनाच्या सूत्राने हा काळ १.३६ सेकंद येतो. चित्र जवळजवळ तिपटीने मंद केले आहे, हे विद्यार्थी केवळ घड्याळाच्या आधारे सांगू शकतो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. हे ठाऊक असले की प्रत्येक चित्रफीत हेच एक घड्याळ होते.

जालन्यासारख्या जिल्ह्यात या पद्धतीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. मंठा, घनसावंगी किंवा जाफराबादच्या खेड्यांतून आलेला विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून शिकतो. अकरावीला विज्ञान शाखेत पाऊल टाकताच पाठ्यपुस्तक इंग्रजी होते. काल ज्याला तो संवेग म्हणत होता, ते आज मोमेंटम होऊन समोर येते आणि कल्पना समजण्याआधी शब्दाशीच झटापट सुरू होते. या झटापटीत अनेक बुद्धिमान मुले स्वतःला मंद समजू लागतात, ही या प्रदेशातील उच्च शिक्षणाची एक न बोलली जाणारी शोकांतिका आहे. चित्राला माध्यमाची भाषा नसते. आधी घटना दिसली, तिच्याविषयी मायबोलीत वाद झाला आणि मग तिचे इंग्रजी नाव कळले, तर ते नाव परके राहत नाही.

परंतु येथेच सावध होण्याची आवश्यकता आहे. अर्थशास्त्रात पर्यायी वस्तू आणि पूरक वस्तू असा भेद करतात. चहा आणि कॉफी या पर्यायी. एक आली की दुसरीची मागणी घटते. चहा आणि साखर या पूरक; एकीबरोबर दुसरीही लागते. चित्रपटाचा तुकडा हा प्रयोगशाळेला पूरक आहे, पर्यायी नव्हे. हा भेद विसरला गेला, तर ‘सर्व काही पडद्यावर दाखवले आहे’ या सबबीखाली प्रयोगशाळेचे कुलूप कायमचे गंजून जाईल. ही भीती काल्पनिक नाही. बारावीच्या पदार्थविज्ञानात प्रात्यक्षिकाला ३० गुण आहेत. पण अभियांत्रिकीचा प्रवेश सामायिक परीक्षेवर ठरतो आणि त्या परीक्षेत कोणी लंबक हलवून पाहण्यास सांगत नाही. ज्याला मोल नाही, त्यावर कोणी श्रम खर्च करीत नाही, हा बाजाराचा साधा नियम आहे. म्हणून नाव महाविद्यालयात, शिक्षण खासगी शिकवणीत आणि प्रयोग केवळ जर्नलमध्ये, अशी त्रिस्थळी यात्रा सर्वत्र चालू आहे. अशा स्थितीत नुसता पडदा लावणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला देण्यासारखे होय.

मग काय करावे? पडदा आणि प्रोजेक्टर अनेक शाळांत पूर्वीच आलेले आहेत. कित्येक गावांनी त्यासाठी लोकवर्गणीही दिली आहे. कायद्याची आडकाठी नाही. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यातील ५२ वे कलम शिक्षणसंस्थेच्या कामकाजात केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संबंधितांपुढे चित्रपट दाखवण्यास मुभा देते. दुर्मीळ असलेली गोष्ट एकच, आणि ती म्हणजे शिक्षकाचा वेळ. एका मिनिटाचा योग्य तुकडा शोधणे, त्यातील अंतरे अंदाजणे, प्रश्न रचणे, याला चार तास लागतात. प्रत्येक शिक्षकाने हे एकट्याने करावे, अशी अपेक्षा अन्यायाची आहे. जिल्ह्यातील विज्ञान शिक्षकांनी मिळून पन्नास तुकड्यांचा आणि त्यांवरील प्रश्नांचा एक संग्रह केला आणि तो आठही तालुक्यांत फिरवला, तर हा भार वाटला जाईल.

त्या संग्रहात केवळ सिनेमा असावा, असेही नाही. जालना शहर पोलादाच्या कारखान्यांसाठी आणि बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाते. भट्टीतून निघालेली लालबुंद कांब थंड होताना रंग कसा पालटते, हे अनेक विद्यार्थ्यांचे वडील रोज पाहतात. उष्णतेच्या प्रारणाचा याहून चांगला धडा कोठे मिळणार? बियाणे स्वच्छ करणारे यंत्र हलके आणि जड दाणे कसे वेगळे करते, खळ्यावर वारा उफणणीचे काम कसे करतो, हे दृश्य मोबाइलवर टिपण्यास दमडीचा खर्च नाही. डिसेंबर २०२२ पासून जिल्ह्यातून समृद्धी महामार्गावरील वाहतूक सुरू झाली. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार जोरात ब्रेक लावल्यावर सुमारे २० मीटरमध्ये थांबत असेल, तर १२० च्या वेगाला ८० मीटर लागतात; वेग दुप्पट, अंतर चौपट. सिनेमातील मोटारी गिरक्या घेऊन पुन्हा चाकांवर उभ्या राहतात. जो तरुण ते पाहून स्टिअरिंग हाती घेतो, त्याला हा वर्गाचा नियम कोठेतरी भेटलाच पाहिजे, आणि रस्त्यावर भेटण्यापेक्षा वर्गात भेटलेला बरा.

क्रम मात्र पाळावा लागेल. तुकडा एका मिनिटाहून मोठा नसावा. तो दाखवण्यापूर्वी प्रश्न विचारावा, दाखवताना मध्येच थांबवावा, नंतर वही उघडावी आणि शेवटी प्रयोगशाळेचे दार उघडावे. ज्या तासाला पडदा उजळला, पण वहीत एकही आकडा उतरला नाही, तो तास करमणुकीचा समजावा. प्रात्यक्षिक परीक्षेतही अनोळखी चित्रफीत दाखवून ‘हे शक्य आहे काय, आकड्यांनी सांगा’ असा एक प्रश्न घालता येईल. जर्नल उतरवून त्याचे उत्तर मिळणार नाही.

पूर्वी डोळ्यांनी पाहिले ते खरे, असे मानण्याची सोय होती. आता यंत्रे हवी तशी दृश्ये घडवितात आणि ती प्रत्येकाच्या खिशात येऊन पडतात. कोणते दृश्य निसर्गाच्या नियमांत बसते आणि कोणते बसत नाही, हे स्वतः पडताळून पाहणारा नागरिक ही यापुढे केवळ विज्ञानाची नव्हे, लोकशाहीचीही गरज आहे. पडद्यावरच्या ठोशाचा हिशेब मागण्यास शिकलेला मुलगा उद्या इतर अनेक गोष्टींचा हिशेब मागील. शाळेने त्याला ही सवय लावली, तर पडद्यावर झालेला खर्च कारणी लागला असे म्हणता येईल.