मेलबर्नचा जुना करार आणि नवा

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळाने २०२५ च्या ऑक्टोबरअखेर तेथील मूळ रहिवाशांशी करार करण्याचा कायदा संमत केला. त्याचे स्वागत झाले ते योग्यच आहे. पण याच भूमीवर १९० वर्षांपूर्वी एक करार झाला होता. तो कोणी व का मोडला हे ध्यानात घेतल्यावाचून नव्या कायद्याचे मोल उमगणार नाही.

१८३५ च्या जून महिन्यात टास्मानियातून आलेल्या जॉन बॅटमन याने कुलिन जमातींच्या वडीलधाऱ्यांपुढे दस्तऐवज ठेवले. जमीन सुमारे सहा लाख एकर. मोबदला म्हणून घोंगड्या, कुऱ्हाडी, सुऱ्या, आरसे, पीठ आणि दरसाल असाच काही माल. जमीन कायमची विकता येते ही कल्पनाच ज्या समाजात नव्हती, त्याने या कागदांवरील खुणांचा अर्थ काय घेतला असेल? पाहुण्याला आपल्या प्रदेशात काही काळ राहू देण्याचा त्यांच्यात विधी होता. हा तोच विधी आहे असे त्यांना वाटले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. व्यवहार फसवणुकीचा होता, याविषयी आम्हांस शंका नाही.

परंतु गव्हर्नर रिचर्ड बर्क यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढून तो रद्दबातल ठरविला, तो फसवणुकीची चीड येऊन नव्हे. मूळ रहिवाशांकडून जमीन विकत घेतली असे मान्य करणे म्हणजे ती त्यांची होती असे मान्य करणे! जमीन ब्रिटिश राजाची, म्हणून बॅटमन अतिक्रमक, असा हा निवाडा. मौज अशी, की अतिक्रमक तेथेच राहिले. १८३७ साली त्या वस्तीला मेलबर्न हे नाव मिळाले आणि सरकारने भूखंडांचे लिलाव पुकारले. बुडाला तो मूळ मालकांचा हक्क. हा सिद्धान्त मोडीत काढण्यास १९९२ चा माबो खटल्याचा निकाल यावा लागला.

नव्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या निर्वाचित सभेला कायमचे स्थान दिले आहे. सरकारने तिचा सल्ला घ्यावयाचा. नकाराधिकार मात्र तिला नाही. करार दोघांचा म्हणावयाचा आणि तो मोडण्याची मुभा एकाच पक्षाकडे ठेवावयाची, हे १८३५ चे वैगुण्य येथेही उरलेच आहे. ही शंका निराधार नव्हे. विधेयकाच्या वेळीच विरोधी आघाडीने, सत्ता मिळाल्यास कायदा रद्द करू, असे जाहीर केले. आणि क्वीन्सलँडमध्ये २०२४ साली सत्तांतर होताच करारप्रक्रियेचा कायदा काही आठवड्यांतच रद्द झाला.