दारातला ऐन

परवा सहावीच्या वर्गात आम्ही फळ्यावर 'ऐन' हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. एक मुलगी म्हणाली, "उर्दूतला हरफ, झोयनंतर येतो तो." मागच्या बाकावरून उत्तर आले, "ऐन वेळी म्हणतात, त्यातला." दोन्ही उत्तरे बरोबर होती. पण ऐन नावाचे झाड असते आणि आपल्या कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांचे छप्पर त्याच्याच वाशांवर उभे आहे, हे एकालाही ठाऊक नव्हते. मुलांना काय बोलणार? काही वर्षांपूर्वी आमचीही गत तीच होती.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घराची कौले दुपारी पत्त्यांसारखी उडाली. फणस पडवीवर कोसळला आणि तिथले वासे मोडले. बाकी सांगाडा मात्र जागचा हलला नाही. आमच्या आजोबांनी बांधलेले घर ते. खांब किंजळीचे, वासे ऐनाचे, दरवाजे फणसाचे. सागाची एक फळी त्यात नाही.

वाडीत तो फणस, दोन किंजळी आणि बांधावरचा ऐन आडवे झाले होते. लॉकडाऊनचे दिवस, धाकटा भाऊ कुवेतला अडकलेला. पंचनामा उरकल्यावर सरपणवाला आला, "वाडी साफ करून देतो" म्हणाला. आम्हाला ते उपकारच वाटले. फणस आणि किंजळी ट्रकात चढल्या. ऐनाजवळ मात्र अम्मी उभी राहिली. "हा राहू दे. तुझे अब्बा राबाला याच्या फांद्या तोडायचे, पण बुंध्याला कुणाला हात लावू दिला नाही." आम्ही ओंडका चिऱ्यांवर चढवून ठेवला, तोही केवळ तिचे मन राखायला.

पडवीसाठी बाजारातून वासे आणले. स्वस्त मिळाले म्हणून खूशही झालो. लाकूड कोणते, हे विचारलेच नाही. दुसरा पावसाळा सरला आणि सकाळी झाडताना पडवीत पिवळी भुकटी दिसू लागली. सुतारबाबांना बोलावले. त्यांनी वाशात पटाशी खुपसली तर ती पावाच्या लादीत जावी तशी आत गेली. "चाची, हे सगळे वरचे पांढरे लाकूड आहे. किडीचा खाऊ. गाभा यात नाहीच," ते अम्मीला म्हणाले. मग त्यांचे लक्ष चिऱ्यांवरच्या ओंडक्याकडे गेले. कुऱ्हाडीचे दोन घाव घातले. वरचा थर कुजून सुटला आणि आत काळपट तपकिरी, दगडासारखा गाभा निघाला. "सर, हे दारात ठेवून तुम्ही ते विकत आणलंत?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. वाहतुकीचा परवाना काढून ओंडका वखारीत नेला, तर तिथलेही कुरकुरले. वाळलेला ऐन करवतीचे दात खातो. ओला असतानाच चिरायला हवा होता. तरी पडवीचे वासे त्यातून निघाले आणि उरलेल्यातून एक बाक झाला. भावाने कुवेतहून व्हिडिओवर पाहिले आणि विचारले, "भाईजान, हे कुठून मागवलंस?" अम्मीच म्हणाली, "बांधावरून."

सुतारबाबांकडून या कामात जे शिकलो, ते वाचकांसाठी इथे देतो. रायवळ म्हणून आपण ज्यांना नाक मुरडतो, त्यांत प्रत्येकाचा गुण वेगळा आहे. ऐन सागापेक्षा जड. घनफुटाला साग साधारण 18 किलो भरतो, तर ऐन 24 च्या आसपास. म्हणून तो वासे-तुळयांना चांगला, पण घाईने वाळवला तर तडकतो. किंजळ पाण्याला दाद देत नाही. जांभा (दगड नव्हे, झाड) इतका टणक की त्याचे रेल्वेचे स्लीपर होत. फणस हलका, रंध्याला सोपा, दारे-खिडक्यांना उत्तम. रायवळ आंबा मात्र खोक्यांना आणि तात्पुरत्या कामाला ठीक, छपराला नको.

झाड पडले की ओंडका उन्हात टाकू नये. दोन्ही टोकांना डांबर किंवा शेणमाती लावावी. ओले असतानाच चिरून घ्यावे आणि बाहेरचा पांढरा भाग काढून टाकावा. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या देऊन, वारा खेळेल अशा सावलीत थप्पी लावावी. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरावे. ऐनात खिळा ठोकण्याआधी गिरमिटाने भोक पाडावे, नाहीतर खिळा वाकतो नाहीतर लाकूड फाटते. खांब मातीत न पुरता दगडावर बसवावा.

आणि एक महत्त्वाचे. स्वस्तात मिळते म्हणून उभ्या झाडावर कुऱ्हाड घालू नका. ऐन, किंजळ, फणस ही झाडे आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी तोडायला 1964 च्या कायद्याने परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. आम्ही सांगतो आहोत ते पडलेल्या झाडांबद्दल आणि पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांबद्दल. गावोगाव नवी स्लॅबची घरे होत आहेत. जुने वासे भंगाराच्या भावाने जातात आणि नव्या चौकटींना परदेशी लाकूड येते. घर नवे बांधावे, त्यात गैर काही नाही. पण पाडण्याआधी एकदा सुताराला बोलावून प्रत्येक वाशाला पटाशी लावून बघावी.

आमची किंजळ आणि फणस कुणाच्या तरी भट्टीत राख होऊन गेले. त्या फणसाच्या दोन दारांचा हिशोब अम्मी अजून अधूनमधून काढते. आम्ही गप्प ऐकून घेतो.